मंग्याचे चार फोटो

मी निघालो त्या सकाळी भिंगारच्या आमच्या गल्लीत भाड्याची गाडी उभी होती आणि तिच्या धुळीनं भरलेल्या मागच्या काचेवर मंगेश बोटानं चित्रं काढत होता. एक नळ, नळाखाली फुली, फुलीखाली कवटी. मी बॅगा डिकीत ठेवून वळलो तेव्हा तो काचेकडे बोट करून उभा होता. मी म्हणालो, कोरडा नळ. ते त्यानं स्वतः रचलेलं एकुलतं एक गाणं. आमच्याकडे पाणी चार-चार दिवसांनी यायचं, त्यावर होतं, आणि घसा फाडून म्हणायचं होतं. तो हसला. तेवढ्यात ड्रायव्हरनं ओल्या फडक्यानं काच पुसून टाकली, कारण त्याला मुंबईपर्यंत मागचं दिसायला हवं होतं.

आईनं हातावर दही ठेवलं. वडील लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन स्टोअरकीपर म्हणून रिटायर झालेले. घरात कमी बोलणारा माणूस. त्यांनी मला गाडीच्या पलीकडे नेलं आणि म्हणाले, "काम शिकून घ्यायचं. तोंड उघडायचं न्हाई. मी अख्खी नोकरी तशीच केली." मी मान हलवली. गाडी सुटली तेव्हा सगळ्यांत शेवटपर्यंत दिसत राहिला तो मंगेश, कारण तो रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्या टेम्पोला बाजू देत नव्हता.

याला आता सहा वर्षं झाली. मी जर्मनीच्या दक्षिणेला एका लहान शहरात पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. हे लिहितोय ते नगरला राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे जे निघून आले त्यांच्यासाठीही. राहिलेल्यांना वाटतं, गेलेले विसरले. गेलेल्यांना वाटतं, आपल्याला कुणी समजून घेत नाही. माझी गोष्ट या दोन्हींत बसत नाही. मी काहीच विसरलो नव्हतो, हीच तर अडचण आहे.

आम्ही चौघं होतो. मी, मंगेश, इम्रान आणि दीपाली. नगरच्या पॉलिटेक्निकला एका वर्गात. इम्रानच्या वडिलांचं भिंगारच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दीपाली नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरची, शेतकरी घरातली, होस्टेलला राहायची. मंगेशचे आईवडील पाथर्डीकडचे. दर साली ऊस तोडायला जायचे, ते वडील वारल्यावर थांबलं आणि मावशी, म्हणजे त्याची आई, त्याला घेऊन भिंगारला भावाच्या आसऱ्याला आली आणि भाजी विकायला लागली.

या चौघांना हेवी मेटल कुठून लागलं, असं लोक विचारायचे. ते लष्करानं आणलं. ईशान्येकडच्या एका जवानानं इम्रानच्या दुकानात फोन दुरुस्तीला टाकला आणि बदली होऊन निघून गेला. त्या फोनमधल्या मेमरी कार्डात तीनशेच्या वर गाणी होती. इम्राननं ते कार्ड आम्हाला ऐकवलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, फोन बिघडलाय. आठवड्यानं दुसरं काही ऐकवेना. गिटारी अशा चालायच्या की लोखंड कापतंय, आणि गाणारा असा ओरडायचा की जणू आमच्याच वतीनं ओरडतोय. शब्द मात्र एक कळत नव्हता. दहावीपर्यंत आमचं सगळ्यांचं शिक्षण मराठीतलं.

म्हणून तो खेळ निघाला. मंगेशनं काढला. तो डिक्शनरीत गाण्याच्या नावातला एकेक शब्द शोधायचा आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटमागे त्याचं चित्र काढून आमच्यापुढे धरायचा. कुणाचं गाणं ते ओळखा. मेटलच्या गाण्यांची नावं चित्रांसाठीच केलेली असावीत अशी असतात: राख, घंटा, तलवार, थडगं, राजा, आग. सिंहासन म्हणून त्यानं न्हाव्याची खुर्ची काढली होती. सैतान म्हणून आमचे वर्कशॉपचे सर काढले होते, मिशीसकट. मास्तरांच्या इंग्रजीनं जे झालं नाही ते या खेळानं झालं. पुढे मी परदेशातल्या नोकरीची मुलाखत इंग्रजीत दिली, तेव्हा त्यातले निम्मे शब्द मंगेशच्या चित्रांतून आलेले होते, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

गिटार फक्त त्यालाच यायची. जुन्या बाजारातून आणलेली, एका बाजूनं तडकलेली. तारा बदलायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझे हात तारेत चांगले चालायचे. खुंटीला तार पिळून झाली की उरलेलं टोक मी पकडीनं मुडपून एक बारीक कडी करायचो, म्हणजे ते त्याच्या हाताला टोचणार नाही. दुकानात तार भरून घेतली तर टोक नुसतं कापून देतात. मंगेश म्हणायचा की अव्यानं, म्हणजे मी, भरलेली तार अंधारातही ओळखू येते.

डिप्लोमा झाला. दीपाली पुण्याला कंपनीत लागली. इम्रान दुकानात बसला. मला एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला घेतलं. मंगेशचे दोन विषय राहिले ते राहिलेच. तो केबलवाल्याकडे खांबावर चढायचा. शनिवारी संध्याकाळी आम्ही इम्रानच्या दुकानामागे जमायचो, आणि चित्रं आता मोबाईलवर आली होती. मंगेश फोटो काढून आणायचा. युद्ध म्हटलं की संग्रहालयातला रणगाडा. धूर म्हटलं की साखर कारखान्याची चिमणी. हाडं म्हटलं की भुईकोट किल्ल्याच्या खंदकाशी पडलेला बैलाचा सांगाडा, ज्यासाठी तो चिखलात गुडघाभर उतरला होता.

आता प्रेस शॉपचं सांगतो. ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसलोय.

प्रेस म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं यंत्र. डावीकडून पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर घ्यायचा, वरून ठोका येतो. ठोका यायच्या वेळी हात आतच राहिला तर यंत्र थांबावं म्हणून पुढच्या दोन खांबांमधून न दिसणारे किरण सोडलेले असतात. त्याला कर्टन म्हणतात. किरण तुटला की यंत्र जागच्या जागी थांबतं. आमच्या तीन नंबरच्या प्रेसचं कर्टन धुळीनं आणि तेलानं सारखं बिघडायचं. हात आत नसतानाही यंत्र थांबायचं, माल अडकायचा. नवीन कर्टन मागितलं की पुढच्या महिन्यात. एका उन्हाळ्यात सुपरवायझरनं मला बोलावून सांगितलं की ते बायपास कर. मी विचारलं, लेखी देता का? त्यानं पॅनेलची किल्ली माझ्या हातात ठेवली. मी पॅनेल, म्हणजे यंत्राच्या वायरिंगची पेटी, उघडलं, निळ्या तारेचा वीतभर तुकडा घेतला आणि दोन टर्मिनल जोडून टाकली. आता कर्टन होतं, त्यावरचा हिरवा दिवाही लागायचा, पण हात मध्ये आला तरी यंत्राला कळणार नव्हतं. पाच मिनिटांचं काम.

नंतर आठ महिन्यांनी माझं जर्मनीचं जमलं. सुपरवायझर म्हणाला, जाताना एखादा भरवशाचा माणूस देऊन जा, प्रेसवर माणूस टिकत नाही. मी मंगेशचं नाव दिलं. खांबावर चढण्यापेक्षा बरं, पगार महिन्याच्या महिन्याला, मावशीलाही धीर. मला वाटलं, मी त्याचं भलं करतोय. माझ्या शेवटच्या दिवशी मी त्याला शॉप दाखवलं. तीन नंबरच्या प्रेससमोर आम्ही दोघं उभे राहिलो. त्यानं हिरव्या दिव्याकडे बोट करून विचारलं, हे काय? मी म्हणालो, कर्टन, हात मध्ये आला की थांबतं. मागे सुपरवायझर उभा होता. मी मनाशी म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी सगळे जमले, बिर्याणी आणली होती, गाणी लावली होती. तेव्हाही सांगितलं नाही. दोन दिवसांनी मी गाडीत बसलो.

इथे आलो आणि पहिल्या आठवड्यात माइस्टरनं, म्हणजे आमच्या विभागाच्या मुख्य कारागिरानं, नव्या लोकांना एका प्रेससमोर उभं केलं. साठीचा, जाड चष्म्याचा माणूस. त्यानं कर्टनमध्ये झाडूचा दांडा घातला, यंत्र थांबलं. मग तो सावकाश, आम्हाला समजेल अशा जर्मनमध्ये म्हणाला की या कारखान्यात जो कुणी हे यंत्र आंधळं करेल तो त्याच दिवशी घरी जाईल. आम्ही सगळ्यांनी कागदावर सह्या केल्या. त्या सहीच्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे निळी तार होती. मंगेशला लिहायला मी फोन उघडला तो सुट्टीच्या दिवशी, रविवारी. आमच्या चौघांच्या ग्रुपवर त्याचंच नवं कोडं आलेलं होतं. मी ते सोडवलं. सगळ्यांत आधी सोडवलं म्हणून खूश झालो. मग फोन ठेवून दिला.

त्या ग्रुपविषयी सांगायला हवं. तो मी सुरू केला होता, मुंबईच्या विमानतळावर बसून. नियमही माझेच. इथे फक्त कोडी. सुप्रभात नाही, राजकारण नाही, रडगाणी नाहीत. रविवारी एकानं चार फोटो टाकायचे, बाकीच्यांनी गाणं ओळखायचं, जो ओळखेल तो पुढच्या रविवारी टाकणार. रविवारी इथे सगळं बंद असतं, रस्ते ओस. त्या दिवशी माझं नगर यायचं. मंगेशच्या फोटोंतून मला बाजारतळ दिसायचा, सीना नदीतला कचरा दिसायचा, इम्रानच्या दुकानाचा नवा बोर्ड दिसायचा. दीपाली पुण्याहून नेटवरची तयार चित्रं टाकायची, ती मला आवडायची नाहीत. माणूस दूर गेला की गावाकडून फुकटात फार काही मागत राहतो. मी मागायचो की मंग्या, फोटो नगरचेच टाक. तो टाकायचा. आम्ही एकमेकांना कसा आहेस असं चार वर्षांत किती वेळा विचारलं असेल, मला आठवत नाही.

मग एकदा तीन रविवार मंगेश आलाच नाही. शॉपमध्ये ओव्हरटाइम असेल, असं इम्रान म्हणाला. इम्रानही तोवर भिंगार सोडून नगरमध्ये दुसरीकडे दुकान घेऊन बसला होता, भेटीगाठी कमी झाल्या होत्या. चौथ्या रविवारी, पाळी नसताना, मंगेशचे चार फोटो आले. वर एक शब्द नाही.

रविवारी सकाळी इथे बेकरी तेवढी उघडी असते, तिच्या रांगेत मी उभा होतो. पहिला फोटो हिरव्या रंगाच्या प्रेसचा. दुसरा कसल्याशा पेटीतल्या तारांचा. तिसरा पांढऱ्या चादरीवर ठेवलेल्या हाताचा, मनगटापर्यंत बँडेज. चौथा खिळ्याला टांगलेल्या गिटारचा. मी जेमतेम अर्धा मिनिट बघितले असतील. आमच्या या संगीतात एक जुनी गोष्ट सांगतात, प्रत्येक मेटलवाल्याला ती पाठ असते: कुणा गिटारवाल्याच्या बोटांचे शेंडे कारखान्यात तुटले, त्यानं बोटांना टोप्या करून घातल्या आणि पुन्हा वाजवलं, आणि त्या वाजवण्यातून हे सगळं जन्मलं. कारखाना, तार, हात, गिटार. इतकं सोपं कोडं मंगेशनं कधी टाकलं नव्हतं. मी त्या गिटारवाल्याच्या सगळ्यांत गाजलेल्या गाण्याचं नाव लिहिलं आणि पुढे शिंगांचं चिन्ह टाकलं, दोन बोटं वर, बाकीची मिटलेली, जे आम्ही मेटलवाले हातानं करतो. इम्राननं लिहिलं, लई सोपं दिलं राव. दीपालीनं विचारलं, बँडेजचा फोटो कुठून काढलास, एकदम खरा वाटतोय.

दुसऱ्या दिवशी मंगेशनं लिहिलं, "चूक."

आम्ही तीन दिवस ओळखत राहिलो. त्याच बँडची दुसरी गाणी लिहिली. नावात लोखंड असलेली लिहिली, नावात हात असलेली लिहिली. मी कामावर जेवणाच्या सुट्टीत जुन्या याद्या चाळून नावं शोधली. दीपालीनं लिहिलं की आता एक क्लू तरी दे. त्यानं काही दिलं नाही. चौथ्या दिवशी मी फोटो कॉम्प्युटरवर उघडले, कारण मोबाईलवर दुसऱ्या फोटोतली पेटी नीट दिसत नव्हती. ते तीन नंबरच्या प्रेसचं पॅनेल होतं. मधोमध निळी तार होती. टोक मुडपून बारीक कडी केलेली होती.

मी लगेच फोन लावला. त्यानं उचलला. मागे मावशींचा आवाज येत होता. मी त्याला काय विचारलं असेन, तर उत्तर काय होतं, असं. कोड्याचं.

तो म्हणाला, "त्यात गानं न्हवतंच. माझा हात हाय त्यो."

मग त्यानं सांगितलं. डाव्या हाताची तीन बोटं मुळापासून गेली होती. अंगठा आणि करंगळी राहिली. पत्रा तिरका बसला म्हणून तो नीट करायला हात आत गेला आणि त्याला वाटलं, कर्टन आहे. आता सुपरवायझर असं लिहून मागत होता की तार कामगारानंच टाकली, माल लवकर निघावा म्हणून. हॉस्पिटलात एक कामगार संघटनेचा माणूस आला होता, तो म्हणत होता की आधीच्या कुणी लिहून दिलं की तार जुनी आहे, तर मंगेशची बाजू उभी राहील. हे सगळं त्यानं सपाट आवाजात सांगितलं. मी म्हणालो, "मी बघतो." तो बरं म्हणाला.

त्यानंतर ग्रुपवर बातमी कळली आणि दीपालीनं, इम्राननं त्याला धीर दिला. काय धीर दिला? तीच जुनी गोष्ट सांगितली. टोप्या घालून वाजवणाऱ्याची. एका हातानं वाजवणाऱ्यांचे व्हिडिओ पाठवले. मंगेशनं शेवटचं लिहिलं, "त्याचे नुसते शेंडे गेल्ते." आणि तो ग्रुपमधून बाहेर पडला.

मी वडिलांना विचारलं. विचारायची गरज नव्हती, ते काय सांगणार मला माहीत होतं, आणि तेच ऐकायला मी फोन केला होता. ते म्हणाले, सही एकदा कागदावर पडली की ती कुठेही जाते. उद्या तुझ्या तिकडच्या साहेबाला कळलं की तू यंत्र आंधळं केलं होतंस, तर? आईला मध्ये आणू नकोस. मी तरीही निवेदन लिहिलं. दीड पान. तार मी टाकली, कुणाच्या सांगण्यावरून टाकली, केव्हा टाकली. छापलं, सही केली, पाकिटात घातलं, नगरचा पत्ता लिहिला. ते पाकीट माझ्या कामाच्या बॅगेत एकोणीस दिवस होतं. पोस्ट माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. रोज कामावर जाताना मी तिच्यासमोरून जायचो. कधी पाऊस होता, कधी उशीर झाला होता. एकदा मी आत गेलो, रांगेत उभा राहिलो, आणि माझा नंबर आल्यावर तिकिटं मागून परत आलो.

विसाव्या दिवशी दीपालीचा मेसेज आला. मंगेशनं सुपरवायझरच्या कागदावर सही केली होती. चूक माझीच, असं. त्या बदल्यात त्याला शॉपच्या गेटवर बसवलं होतं, हजेरीच्या रजिस्टरवर. घरी आजारी आई, एक हात, दुसरं काय करणार, असं तिनं लिहिलं होतं. मी पाकीट काढलं. इथे कचरा वेगवेगळा टाकावा लागतो, कागदाचा डबा निळा, आल्टपपीअर म्हणतात. पाकिटाला चिकटपट्टी होती ती आधी सोलून काढली, कारण ती दुसऱ्या डब्यात जाते. मग कागद कागदाच्या डब्यात टाकला. या देशानं मला ही शिस्त शिकवली आहे.

गेल्या डिसेंबरात रजेवर गेलो. नगरचं नाव बदललंय, पण बसमधला कंडक्टर अजून नगर, नगर असंच ओरडतो. आईनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. वडिलांनी शेजाऱ्यांपुढे माझ्या कारखान्याचं वर्णन केलं. मी तिसऱ्या दिवशी एमआयडीसीत गेलो. रिक्षावाल्याला शॉपच्या थोडं अलीकडेच थांबायला सांगितलं.

मंगेश गेटच्या केबिनमध्ये बसला होता. जाड झाला होता. डावा हात जर्किनच्या खिशात. टेम्पोवाल्यांची नावं उजव्या हातानं रजिस्टरमध्ये लिहीत होता, अक्षर पूर्वीसारखंच रेखीव. मला बघून त्यानं स्टूल पुढे सरकवलं. चहा मागवला. मावशींच्या गुडघ्यांचं, इम्रानच्या लग्नाचं बोलला. आतून प्रेसचे ठोके ऐकू येत होते. मी ओळखायचा प्रयत्न करत होतो, त्यांतला तीन नंबर कुठला. मग त्यानंच सांगितलं की नवीन कर्टन बसवलंय, बोटं गेल्यावर आठ दिवसांत आलं.

मी म्हणालो की मला तुला एक सांगायचंय. तो म्हणाला, "तारेचं ना? मला तवाच कळलं. टोक मुडपलेलं हुतं. हाताला पट्टी बांधून हिथं आलो, पॅनेल उघडून बघितलं, अन् फोटो काढला. बाकीच्यांना काय कळनार त्यातलं. त्यो तुझ्यासाठीच टाकला हुता."

मी विचारलं, मग तू त्या संघटनेच्या माणसाला माझं नाव का नाही सांगितलंस? एक फोन केला असतास तरी मला लिहून द्यावं लागलं असतं.

त्यानं रजिस्टरची पानं सरळ केली. "तू सांगशील म्हनून थांबलो," तो म्हणाला.

एक टेम्पो येऊन थांबला. मंगेश उठला, नंबर लिहून घेतला, गेट उघडलं. गेट ओढताना डावा हात खिशातून निघाला आणि मी दुसरीकडे बघितलं. तो परत आला, आणि चहा गार झाला म्हणून दुसरा मागवू का, असं विचारलं. मी नको म्हणालो. माफी मागायची म्हणून मी वाक्य जुळवून आणलं होतं, ते मला म्हणता आलं नाही. त्यानं मला काही म्हणायला वावही ठेवला नव्हता, रागसुद्धा नव्हता. निघताना मी विचारलं, वाजवतोस का काही? तो म्हणाला, गिटार विकली. कुणाला विकली ते मी विचारलं नाही.

परत निघालो त्या दिवशी तो आला नाही. मावशी आल्या. गुडघे दुखत असताना चालत आल्या. शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या खारोड्या बांधून आणल्या होत्या. ऊसतोडीत कोयत्यानं कापलेल्या, वाकड्या जुळलेल्या त्यांच्या हातांनी त्यांनी ती पिशवी माझ्या बॅगेत स्वतः कोंबली. आई आत काही आणायला गेली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्या कंपनीत आमच्या मंग्याला काही बघ की. एका हाताचं का व्हईना. तूच लावलं हुतं त्याला पयल्यांदा कामाला, तुझे लई उपकार हायेत." मी म्हणालो, विचारतो मावशी. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

तुमच्यापैकी जे बाहेर आहेत ते घराविषयी लिहितात तेव्हा वास, चवी, माणसं आठवून लिहितात. मलाही ते सगळं आठवतं. पण मला नगर आठवलं की आधी माझं तिथलं नाव आठवतं. भिंगारमध्ये माझं नाव फार चांगलं आहे. मुलांना माझं उदाहरण देतात. आई फोनवर विचारते, परत कधी येतोस, आणि मी म्हणतो, रजेचं बघतो. रजा शिल्लक आहे. ते नाव खोटं आहे हे माहीत असलेला एकच माणूस त्या गावात आहे. तो रोज सकाळी गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्या घेतो, आणि त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही. घर म्हणून माझं आता तिथे जे काही उरलंय ते त्याच्या त्या न सांगण्यावर उभं आहे. आज मीच सांगून टाकलं. आता ते राहील की पडेल, मला माहीत नाही.